नरहरशेठ दाराकडे बघतो

मला दहावी पास केलं ते दिगूकाकांनी. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर लिहिता लिहिता मी माझीच रडगाणी सांगत बसेन आणि त्यांचं नाव तळाशी जाईल. दिगंबरकाका आमच्या चाळीत दुसऱ्या ओळीत राहायचे, कापड मिलच्या साचेखात्यात, जिथं माग चालतात तिथं, तीस वर्षं जॉबर होते, म्हणजे मुकादम. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. पण मराठीच्या पेपरात मी जे काही लिहू शकले ते त्यांच्यामुळे, आणि जे लिहायचं धाडस झालं नाही तेही त्यांनीच दिलेलं होतं.

मार्च आला की इंदूरची हवा कोरडी होत जाते. ओठ फुटतात. कडुनिंबाची पिवळी पानं रस्त्यावर गोल गोल फिरतात, धान्याच्या दुकानांपुढे नव्या गव्हाच्या गोण्या येऊन पडतात आणि त्यांचा गरम, धुळकट वास गल्लीभर राहतो. भंवरकुआं चौकातून, क्लासेसच्या गल्ल्यांवरून जाताना एका हातात पोह्यांची प्लेट आणि दुसऱ्या हातात कागद धरून उभी असलेली पोरं दिसतात. लांबलांबून शिकायला आलेली. त्यांचे ओठ हलत असतात, आवाज नसतो. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहते, काय पाठ करतायत ते ओळखू पाहते. एखादी मुलगी मग ओशाळून तोंड फिरवते. तिला काय सांगणार, की बाई, मीही एका मार्चमध्ये अशीच पुटपुटत होते, फक्त तेव्हा मला दोन मुलं होती आणि चुलीवर डाळ होती.

मी मूळची कोकणातली, देवरुखच्या बाजूची. नववीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे कुणी मारून काढलं नाही. वडील गेले, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की शाळेत जाता यायचं नाही, मग पाणी ओसरलं तरी मी गेले नाही. पुढे लग्न होऊन इतक्या लांब आले. गाडी रात्रंदिवस चालतच होती आणि खिडकीबाहेरची माती तांबडीची काळी झाली. आल्या आल्या शेजारीण म्हणाली, "काय करून राहिली वहिनी? नल येऊन गेला ना." मला वाटलं कुणी नल नावाचे पाहुणे येऊन गेले. मी घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला. ती इतकी हसली की तिची घागर हिंदकळली. नर्मदेचं पाणी दिवसाआड यायचं, ते येऊन गेलं होतं.

आमचे हेसुद्धा साचेखात्यातच. पहिल्या वर्षी मला वाटायचं हा माणूस माझ्याशी बोलतच नाही, नुसते ओठ हलवतो. मग कळलं, तिथल्या साऱ्यांची तीच तऱ्हा. शेकडो साचे एकदम धडधडतात तिथं ओरडून काही उपयोग नसतो. म्हणून साचेवाले ओठांनी बोलतात आणि ओठांवरून ऐकतात. धागा तुटला, तेल संपलं, तुझ्या घरून बोलावणं आलंय, सगळं बिनआवाजी. घरी आल्यावर सवय सुटत नाही. चाळीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला आमची माणसं आवाज न करता "चहा पितो का" विचारायची आणि तो तिकडून मान हलवायचा. पुढे पुढे आम्हा बायकांनाही ते यायला लागलं. सासूबद्दल बोलायला फार सोयीचं.

हे सांगते आहे ते नाटकासाठी. गणपतीत आमच्या मिलवाल्यांचं एक मराठी नाटक व्हायचं. दरवर्षी तेच. नाटकाला चांगलं भारदस्त नाव होतं, पण चाळीत त्याला 'शेठचं नाटक' असंच म्हणत. फार जुनं, आमच्या आजोबांच्या काळातलं. त्यातला नरहरशेठ म्हणजे दिगूकाका. वीस वर्षं.

नरहरशेठ हा व्यापारी. त्याच्या थोरल्या भावानं पोती वाहून याला वाढवलेला, दुकान घालून दिलेलं. दुकानाची पेढी होते, पेढीचा वाडा होतो आणि मग शेठला एकच ध्यास लागतो: मोठ्या साहेबानं आपल्या घरी येऊन आपल्या शेजारी बसावं. त्यासाठी तो मुंबईहून नक्षीची खुर्ची मागवतो. साहेब येतो तेव्हा भाऊ समोर येतो, साहेब विचारतो हे कोण, आणि शेठ म्हणतो, आमचा जुना गडी. तिथून घर उसवत जातं. मुलीचं लग्न तो असल्याच एका बड्या घराशी ठरवतो, ती निघून जाते. साहेबाची बदली होते. येणंजाणं थांबतं. शेवटच्या प्रवेशात रिकाम्या दिवाणखान्यात दोघंच उरतात, शेठ आणि खाली बसून खुर्ची पुसणारा भाऊ. शेठ त्याला 'दादा!' म्हणून हाक मारतो आणि पडदा पडतो.

पुस्तकात 'दादा' असं ठसठशीत, पुढे उद्गारचिन्ह देऊन छापलेलं आहे. दिगूकाका ते तसं म्हणत नसत. ते आधी दाराकडे बघायचे. बराच वेळ बघायचे. कुणी नाही अशी खात्री करून घ्यायचे. मग भावाकडे वळायचे आणि नुसत्या ओठांनी म्हणायचे, दादा. आवाज नाही.

पुढच्या खुर्च्यांत मॅनेजर, ऑफिसातले बाबू, त्यांच्या बायका बसायच्या. त्यांना दरवर्षी वाटायचं की नट वाक्य विसरला. मागे जमिनीवर बसलेल्या साऱ्या साचेखात्याला ते ऐकू यायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ओठ वाचता येत नव्हते. माझ्या आजूबाजूची माणसं एकदम गप्प झाली, एका म्हाताऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि मला काही कळेना. दुसऱ्या वर्षी कळलं.

नाटकातली खुर्ची मॅनेजरच्या ऑफिसातून चिठ्ठी देऊन आणायची पद्धत होती. मिलला टाळं लागलं त्या वर्षी ऑफिसही बंद. उन्हाळ्यात भोंगा थांबला आणि भाद्रपदात गणपती आले. नाटक करायचं की नाही यावर चाळीत दोन तट पडले. शेवटी केलं, चाळीच्या मधल्या मैदानात, संध्याकाळी. खुर्ची म्हणून कुणीतरी लग्नघरातली पत्र्याची घडीची खुर्ची आणली. काका तिच्यावर ऐटीत उपरणं झटकून बसले आणि ती करकरली. लोक हसले. मग मागून आमच्या ओळीतला रामसरूप ओरडला, "ए शेठ! तेरी भी कुर्सी गई?"

काकाही हसले असावेत. पण दुसऱ्या अंकात भावाला गडी म्हणायचं वाक्य आलं आणि रामसरूप उभाच राहिला. "पहले ताला खुलवा, फिर डायलॉग मार!" या वेळी कुणी हसलं नाही. दुसरा उठला. तिसऱ्यानं मातीचं ढेकूळ मारलं, ते पडद्याला लागलं. आमची मिल चालवणारी माणसं कुठे लांबच्या शहरात, कुणी त्यांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. शिव्या द्यायला समोर शेठ म्हणून एकच माणूस होता. नाटक दुसऱ्या अंकातच थांबलं. काका रंग न पुसता त्या पत्र्याच्या खुर्चीत बसून होते. त्यांचे ओठ हलले ते मी पाहिले. "मी पण तुमच्यातलाच," असं काहीसं म्हणाले. साऱ्यांना वाचता येत होतं. पण त्या दिवशी कुणी वाचायला तयार नव्हतं.

त्यानंतर ते नाव चिकटलंच. नळावर, रेशनच्या ओळीत, चहाच्या टपरीवर, "काय शेठ, मिल कधी उघडून राहिले?" काका आधी उत्तरं द्यायचे. मग नळावर जाणं त्यांनी सोडलं. खोकला वाढला, कापूस छातीत बसलेला होताच. गणपतीतला तो रंगीत फेटा त्यांनी खिडकीला पडदा म्हणून लावला होता.

आमच्या घरातही भिंतीला टेकून बसलेला एक माणूस होता. हे दिवसभर बसून असायचे आणि भोंग्याच्या वेळी सवयीनं उठून चप्पल शोधायचे. त्याच हिवाळ्यात कळलं की वस्तीत नवी आंगनवाडी निघणार आहे, आणि बाई वस्तीतलीच हवी आहे. दहावी पास. जूनपर्यंत मार्कशीट दाखवायची. मी नववी. शाळेत न जाता बाहेरून बसायचा प्राइवेट फॉर्म भरायला मला जी भीती वाटली ती बाळंतपणाला वाटली नव्हती. फॉर्मवर 'शिक्षण सोडल्याचे कारण' असा रकाना होता की नव्हता आता आठवत नाही, पण मी त्याचं उत्तर मनात तीनदा लिहून खोडलं होतं. पुस्तकं मागून आणली. मराठीचं उघडलं तर शेवटी शेठचं नाटक. तेच.

मी पुस्तक घेऊन काकांकडे गेले.

"काका, माझ्या परीक्षेत नाटक आहे. शेठचं."

"कुठल्या शेठचं?"

"तुमचंच."

त्यांनी पुस्तक हातभर लांब धरलं. पानं उलटली. "हे शाळेत शिकवतात?"

"दहावीला आहे."

"मग आता पास कोण होतं बघू," म्हणाले आणि कित्येक महिन्यांनी हसले. हसताना खोकले. "बस सूनबाई. आधी मला सांग, तुझ्या गाइडात काय लिहिलंय त्याच्याबद्दल?"

मी वाचलं, "नरहरशेठ हा स्वार्थी, दांभिक व प्रतिष्ठेचा हव्यास असलेला व्यापारी आहे. अखेरीस त्यास आपल्या कृत्यांचा पश्चात्ताप होतो."

"पहिलं वाक्य ठीक. दुसरं कुणी लिहिलं?"

"गाइडात आहे."

"हा गाइडवाला भिया पुढच्या खुर्चीवर बसून नाटक बघून राहिला होता."

तो हिवाळा मला असा आठवतो: दुपारचं ऊन ओट्यावर तिरकं आलेलं, मी गहू निवडते आहे, काका समोर पाटावर बसून तिन्ही अंक बोलतायत, सगळ्यांचे आवाज काढून. पुस्तकाकडे ते बघायचे नाहीत. मध्येच थांबून मला प्रश्न टाकायचे. असे प्रश्न गाइडात नसतात.

"हा माणूस घरात एकटा असताना कसा बसत असेल?"

"खुर्चीत. आरामात."

"ऊंहूं. एकटा असताना हा खुर्चीत बसतच नाही. खुर्ची लोकांसाठी आहे. एकटा असला की हा खाली बसतो. पोत्याला टेकून बसायचा ना दुकानात, तसाच."

"पण हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. तीन अंक ताठ बसून माझी कंबर जाते. त्याची नसेल जात?"

मी एकदा विचारलं, तुम्हाला त्याचा राग नाही येत? म्हणाले, "यायचा ना. पहिली पाच वर्षं रागानंच केला. लोक जाम हसायचे. पण उपरणं झटकताना माझं मला दिसलं की मी आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे, मग झटकतो. हा माणूस घाबरलेला आहे सूनबाई. कुणीतरी ओळखेल, अरे हा तर पोतेवाल्याचा भाऊ, म्हणून चोवीस तास घाबरलेला. त्याला पैसाही नको होता ग. त्याला फक्त असं हवं होतं की आपण आत आलो की कुणी विचारू नये, हे कोण. तेव्हापासून लोक कमी हसायला लागले. पण घरी जाताना शेठबद्दल बोलत जायचे."

भ्यालेल्या माणसाची मला ओळख होती. मीही देवरुखला पत्र लिहिताना मिल बंद झाली असं कधी लिहिलं नाही. 'ह्यांची तब्येत जरा नरम, घरीच असतात' असं लिहायचे.

फेब्रुवारीत एका दुपारी शेवटचा प्रवेश आला. काका म्हणाले, "हा बोलून नाही सांगता येत. करायला लागेल." त्यांनी माझा गव्हाचा डबा मध्ये ओढला, ती खुर्ची. मला खाली बसवलं, हातात फडकं दिलं. मी भाऊ झाले आणि प्रेक्षकही. काका डब्यावर बसले. मांड्या थोड्या जवळ घेतल्या, मान ताठ झाली, आणि खिडकीशी खोकत बसणारा माणूस दिसेनासा झाला. मग ती मान हळूहळू दाराकडे वळली. दाराबाहेर वाळत घातलेलं धुणं होतं, दुपारची सामसूम होती, कुणी येणार नव्हतं. तरी ते बघत राहिले. मला उठून दार लावून घ्यावंसं वाटलं, बिचाऱ्याला एवढं तरी करावं. मग ते माझ्याकडे वळले. ओठ हलले.

दादा.

फडकं माझ्या हातात तसंच राहिलं. त्या एका शब्दात माया होती, लाज होती, आणि अजूनही, एवढं सगळं गेल्यावरही, कुणी ऐकेल ही धास्ती होती. पश्चात्ताप झालेला माणूस मोठ्यानं रडतो. या माणसाला तेवढंही परवडत नव्हतं.

काका डब्यावरून उतरले. खोकल्याची उबळ आली, मी पाणी दिलं. "गणपतीत हा राहिला होता," म्हणाले. "तू लिही पेपरात. दाराकडे बघतो, हे लिही. आणि हाक आवाज न करता मारतो. पुस्तकात उद्गारचिन्ह असू दे."

मराठीचा पेपर रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी होता. गावभर रस्ते अजून गुलाबी, नाल्यांतून हिरवं पाणी वाहत होतं, माझ्या प्रवेशपत्राच्या कोपऱ्यालाही कुणाच्या तरी बोटाचा जांभळा डाग. आदल्या आठवड्यात मी खजराण्याच्या गणपतीला जाऊन, नवस बोलताना इथं काढतात तसं, देवळामागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून आले होते. काका सेंटरपर्यंत आले. "जा. मी इथंच आहे," म्हणून कडुनिंबाखाली दगडावर बसले. त्यांच्या कानामागे हिरवा रंग राहिला होता. माझ्या वर्गात सगळ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी. एकीनं मला मॅडम समजून उठून नमस्ते केलं.

प्रश्न आला. नरहरशेठचे स्वभावचित्र रेखाटा, गुण सहा.

पहिला परिच्छेद मी गाइडातला लिहिला. खुर्ची, साहेब, भावाला गडी म्हणणं, मुलीचं लग्न, सगळं आलं. मग मी लिहिलं, 'शेवटी शेठ दाराकडे बघतो.' आणि पेन थांबलं. कुठे आहे हे पुस्तकात? तपासणारा कुठल्या गावचा असेल, त्यानं साचेखातं पाहिलं असेल का? तो म्हणेल ह्या बाईनं मनचं लिहिलं. सहाचे सहा गेले तर? आणि त्या सहांसाठीच नापास झाले तर? मला भिंतीला टेकून बसलेले हे दिसले. देखरेखीच्या बाई बाकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या कागदाकडे बघायला लागल्या. मी त्या ओळीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'अखेरीस त्यास आपल्या कृत्यांचा पश्चात्ताप होतो.' हे पटकन लिहून झालं. पाठच होतं.

बाहेर आले. काका दगडावरून उठले.

"आला का?"

"आला."

"किती मार्कांना?"

"सहा."

"दाराकडे बघतो, लिहिलंस?"

"लिहिलं."

"आणि आवाज न करता?"

"तेही लिहिलं, काका."

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "चला," म्हणाले, "झालं मग नाटक पूर्ण."

घरी जाताना टपरीवर रामसरूप बसला होता. मी मान खाली घालून पुढे निघाले, पण काका थांबले. गणपतीपासून ते त्या टपरीवर थांबले नव्हते. "रामसरूप, सुन. अपना आखिरी सीन बोर्ड के पेपर में गया. बहू ने लिख दिया पूरा."

रामसरूप ग्लासात बघत राहिला. मग म्हणाला, "इस बार तो हमने देखा ही नहीं, काका. हमने ही होने नहीं दिया."

"छोड यार."

"कभी दिखा देना."

"अब क्या दिखाना. लिख दिया ना उसने."

रामसरूपनं सरकून बाकावर जागा केली. त्या दिवसापासून त्यानं शेठ म्हणणं सोडलं, आणि त्यानं सोडलं तसं बाकीच्यांनीही. काका पुन्हा नळावर यायला लागले. येईल त्याला सांगायचे, पेपर तपासणारा कुणी मोठा प्रोफेसर असेल, वाचून थांबला असेल बेटा, म्हणाला असेल हे आपल्याला कसं सुचलं नाही. मी बादली उचलून घरात यायचे. रात्रीच्या भाकऱ्या थापता थापता एकदा ह्यांना खरं सांगितलं. हे म्हणाले, "गप्प राहा. म्हातारा आता जेवायला लागलाय."

निकाल लागला. मराठीत चव्वेचाळीस. पास व्हायला तेहतीस पुरत होते. मी मार्कशीट घेऊन तिथंच पायरीवर बसले. सहा वजा केले. पुन्हा केले. त्या प्रश्नाला भोपळा मिळाला असता तरी मी पास होते. लोकांना वाटलं बाई आनंदानं रडतेय.

आंगनवाडी मिळाली. घर उभं राहिलं ते त्यावर. पुढे हे पिथमपूरला एका कारखान्याच्या फाटकावर लागले. मोटारी आल्या की सलाम करतात, गेल्या की फाटक लावतात. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर हे सांगतात, "पिथमपूरला कंपनीत आहे." मी सांगते, "शासकीय सेवेत." दोघंही खरंच बोलतो, आणि बोलायच्या आधी समोर कोण आहे ते बघून घेतो. मिलच्या जागेवर आता उंच इमारती येतायत. त्यांच्या पाट्यांवर हसऱ्या, गुळगुळीत चेहऱ्यांची माणसं नक्षीच्या खुर्च्यांत बसलेली दाखवतात. आमच्या चाळीतली पोरं त्या पाट्यांखाली उभी राहून फोटो काढतात. मला त्यांचा राग येत नाही. स्वार्थी, दांभिक, हव्यास असलेला, हे शब्द मी किती छान अक्षरात लिहिले होते. आता आपल्याच माणसांत तो माणूस दिसतो तेव्हा त्यातला एकही शब्द हाताशी येत नाही. दिसते ती फक्त धास्ती. त्याला कुणी एकदा विचारायला हवं होतं, कंबर दुखते का रे तुझी.

काकांना त्यांची मुलगी बडनेऱ्याला घेऊन गेली त्याला खूप वर्षं झाली. निघताना त्यांनी मला ते मळकं पुस्तक, परीक्षेनंतर त्यांच्याकडेच राहिलेलं, परत दिलं. म्हणाले, "तुझ्या पोरांना होईल." स्टेशनवर मी पाया पडले. खरं सांगायचं होतं. गाडीचा आवाज होता, मी नुसते ओठ हलवले असते तरी त्यांना कळलं असतं. म्हणून मी ओठ मिटूनच घेतले.

मध्यंतरी त्यांच्या मुलीचा फोन आला होता. म्हणाली, "ताई, बाबा आता मला पण ओळखत नाहीत. कधी आई समजतात, कधी नर्स. पण घरी कुणी आलं ना, दूधवाला जरी आला, तरी त्याला सांगतात, आमच्या सूनबाईनं बोर्डाच्या पेपरात लिहिलंय."

मी कितीदा ठरवलं होतं की जाऊन खरं सांगायचं, माफी मागायची. त्या फोननंतर ते मी सोडून दिलं. आता सांगितलं तर हलकी होईन मी एकटी, आणि त्यांच्यापाशी उरलेली एवढी एक गोष्टही काढून घेईन.

मधल्या काळात मी बारावी केली, तशीच प्राइवेट. आणि या मार्चमध्ये बी.ए.चा फॉर्म भरला. विषय मराठी. केस पांढरे झालेली बाई खिडकीशी उभी बघून तिथला बाबू म्हणाला, "बेटी का फॉर्म है, माताजी?" मी म्हटलं, "मेरा है." अभ्यासक्रमाचा कागद घेऊन बाहेर आले आणि उन्हात वाचला. तिसऱ्या वर्षाला शेठचं नाटक आहे, अख्खं. अजून तीन मार्च आहेत मध्ये. काकांच्या वयाकडे बघून मला फार भीती वाटते. शिवाय तो प्रश्न येईलच असंही नाही.

नाही आला तर पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. आला की लिहीन, सगळं, जसं त्या दुपारी माझ्या समोर घडलं तसं, आणि त्यावर रेघ मारणार नाही. मार्क काय द्यायचे ते देऊ देत. काका, मी तुम्हाला कडुनिंबाखाली जे सांगितलं ते तेव्हा खरं नव्हतं. ते मी खरं करून देईन. आणि पेपर झाला की तशीच गाडीत बसून बडनेऱ्याला येईन. तुम्ही मला ओळखलं नाहीत तरी चालेल, दूधवाल्याला सांगता तसं मलाही सांगा.